नासपती येथे येत नाही, असे म्हणणाऱ्यांस

चौकहून कर्जतकडे येऊ लागले की माथेरानचा डोंगर डाव्या हाताला राहतो. त्याच्या पायथ्याशी, रस्त्यापासून थोडी आत, आमची रोपवाटिका आहे. फाटकावर पाटी आहे आणि पाटीवर तीन ओळी आहेत. ‘येथे नासपतीची कलमे मिळतील. फळाची हमी नाही. पाला राखीव आहे.’ पहिली ओळ वाचून लोक हसतात, दुसरी वाचून परत फिरतात, आणि तिसरीचा अर्थ विचारायला जे आत येतात ते माझे गिऱ्हाईक होतात. व्यवसायातले चार अनुभव दिवाळी अंकासाठी लिहा, असा निरोप आला तेव्हा मला वाटले की त्या तिसऱ्या ओळीचा अर्थ एकदाच सर्वांना सांगून टाकावा. म्हणजे मला पुन्हा पुन्हा फाटकापर्यंत चालत जावे लागणार नाही. गुडघे आता तक्रार करतात.

माझे शिक्षण वेदपाठशाळेत झाले. वडील पौरोहित्य करीत आणि आंब्याची कलमेही बांधीत. मीही जन्मभर दोन्ही करीत आलो. सकाळी संहिता आणि उन्हे तापण्यापूर्वी चाकू. ज्या हाताने पूजेच्या अक्षता वाहायच्या त्याच हाताने झाडाची साल चिरायची, याचे लहानपणी मला भय वाटे. वडिलांनी त्यावर एक रीत घालून दिली. ज्या झाडाला उद्या शस्त्र लावायचे, त्याच्या बुंध्याशी आज सायंकाळी चार अक्षता ठेवायच्या, उद्याचे काम त्याला सांगायचे आणि क्षमा मागायची. एक दिवस सोडला तर ही रीत मी आजपर्यंत मोडलेली नाही. ती पाळल्यामुळे माझे, आणि माझ्याहून अधिक एका दुसऱ्याच माणसाचे, किती नुकसान झाले हेही पुढे सांगणार आहे.

बाहेरच्या माणसाला कलम म्हणजे चमत्कार वाटतो. तसे काही नाही. फळझाड बियांपासून वाढविले तर ते आईबापांच्या वळणावर जाईलच असे नसते. चांगल्या झाडाचा गुण जसाच्या तसा हवा असेल तर त्या झाडाचा एक डोळा, म्हणजे पानाच्या बगलेत झोपलेला कोंब, सालीसकट अलगद काढायचा आणि दुसऱ्या काटक रोपाच्या सालीत बसवून पट्टी बांधायची. या खालच्या रोपाला खुंट म्हणतात. मुळे खुंटाची, फळ डोळ्याचे. तीन आठवड्यांनी पट्टी सोडून पाहायचे. डोळा हिरवा असला तर जगला, काळा पडला तर गेला. पुढे एकच पथ्य. सांध्याच्या खालून फुटलेला कोंब दया न दाखवता खुडायचा, कारण तो खुंटाचा असतो आणि खुंट रानटी असतो.

हे पथ्य न पाळल्याने काय होते ते मुंबईच्या एका गृहस्थांनी मला दाखविले. शनिवार-रविवारपुरते ते आमच्या भागातल्या आपल्या फार्महाऊसवर येत. चार वर्षांपूर्वी नेलेल्या कलमाबद्दल एके दिवशी त्यांचा फोन आला. ‘गुरुजी, तुमच्या नासपतीला काटे आलेत.’ मी जाऊन पाहिले. हिरवळीच्या मधोमध, संगमरवरी कठड्यात, चारही बाजूंनी दिवे लावलेले एक अत्यंत तेजस्वी काटेरी झुडूप उभे होते. गवत कापण्याच्या यंत्राने डोळा पहिल्याच पावसाळ्यात उडविला होता आणि त्यानंतर सर्वांनी मिळून चार वर्षे खुंटाची सेवा केली होती. मी सर्व समजावून सांगितले आणि दुसरे कलम विनामूल्य देऊ केले. गृहस्थ झुडपाभोवती एक फेरी मारून म्हणाले, ‘राहू द्या. याच्याजवळ कुत्रीसुद्धा जात नाहीत. कुंपणाला असलीच लावतो. अजून आहेत?’ मी नाही म्हणालो. खोटे बोललो. खुंट माझ्याकडे पुष्कळ होते.

आता नासपती. हिला कोणी पेर म्हणतात. आमच्या जुन्या निघंटूंत, म्हणजे औषधी वनस्पतींच्या कोशांत, हिचे नाव अमृतफळ असे आहे. विद्यार्थिदशेत तो शब्द मी घोकला होता, वस्तू पाहिली नव्हती. पन्नाशीनंतर यजमानांसमवेत बदरीनारायणाला जाऊन येताना उत्तरेच्या मैदानी मुलखात एका मठात आमचा मुक्काम पडला. श्रावणाचे दिवस होते. मठाच्या मळ्यात झाडे फळांनी वाकली होती. महंतांनी एक फळ कापून माझ्या हातावर ठेवले आणि घोकलेल्या शब्दाला प्रथमच चव आली. मी विचारले, ‘इतक्या उष्ण प्रदेशात हे फळ कसे?’ ते म्हणाले, ‘उन्हाळा कडक असला तरी ही जात सोसते. सातव्या वर्षी फळते.’ येथेच माझी पहिली चूक झाली. मी उन्हाळ्याबद्दल विचारले, त्यांनी उन्हाळ्याबद्दल सांगितले. हिवाळ्याबद्दल मी विचारले नाही.

निघताना त्यांनी बारा कलमे ओल्या गोणपाटात बांधून दिली. वाटेत एक गेले, अकरा जगली. संख्या पाहून मला तो एकादश रुद्रांचाच प्रसाद वाटला. रोपवाटिकेच्या वरच्या अंगाला अकराही लावली. जंगली नासपतीचे बी महंतांनी पुढे टपालाने पाठविले. त्यापासून खुंट तयार करून, या अकरांचे डोळे भरून मी आणखी कलमे करू लागलो. झाडे वाढली. पाने अशी तकतकीत की येणारा जाणारा हात लावून पाही.

माझी झाडे पाच वर्षांची असताना बाळाराम आला. हा कर्जतच्या बाजूचा शेतकरी, माझ्याच वयाचा, बोलणे कमी आणि ऐकणे फार. त्याची भाताची जमीन खाली होती आणि वर डोंगराच्या उताराला वरकस होते. भात होत नाही अशा चढाच्या जमिनीला आमच्याकडे वरकस म्हणतात. तेथे त्याला आंबा लावायचा होता. माझी झाडे पाहून तो थांबला.

‘ह्ये काय हाय गुरुजी?’

मी अमृतफळाचे माहात्म्य सांगितले. तासभर सांगितले असावे.

‘आपल्याकडं येल?’

‘येईल,’ मी म्हणालो.

त्याने आंबा सोडून चाळीस नासपती नेल्या. लावणीच्या दिवशी पूजा सांगायलाही मलाच बोलावले. संकल्पाच्या वेळी त्याच्या हातावर पाणी सोडताना, उत्साहाच्या भरात, सातव्या वर्षी फळ मिळावे म्हणून हे कर्म करीत आहोत अशा अर्थाचे शब्द मी संस्कृतात घालून गेलो. पूजा आटोपल्यावर बाळारामने त्यांचा अर्थ विचारला. मी सांगितला. त्याने मान डोलावली आणि ते कायमचे लक्षात ठेवले. माझ्या स्वतःच्या झाडांनी तोपर्यंत काहीच सिद्ध केले नव्हते. व्यापारी म्हणून मी नुसता अंदाज सांगितला असता तर तो अंदाजच राहिला असता. पुरोहित म्हणून बोललो, त्यामुळे तो शब्द झाला.

माझ्या झाडांचे सातवे वर्ष फळाविना गेले. आठवे, नववे, दहावेही गेले. पाने तकतकीत, फूल एक नाही. लोक मला नासपतीवाले गुरुजी म्हणू लागले. चौकच्या धाब्यावर चहाला थांबलो तर कोणी विचारी, ‘गुरुजी, औंदा पेटी कंदी काढताय?’ मी चहा पिऊन उठत असे. कृषी खात्यातील एक सज्जन अधिकारी मुद्दाम येऊन झाडे पाहून गेले. त्यांनी सांगितले की या झाडाला फुलण्यापूर्वी ठरावीक थंडी लागते. ती मिळाली की ते पाने गाळून झोपते आणि झोप पुरी झाली की फुलते. आपल्याकडे तेवढी थंडी पडतच नाही, म्हणून ते बारा महिने जागेच राहते.

‘नासपती येथे येत नाही, गुरुजी. हे शास्त्र आहे.’

‘झाड तर आले आहे,’ मी म्हणालो.

‘झाड येईल. फळ नाही.’

‘शास्त्र मीही शिकलो आहे. त्यात पूर्वपक्षाला उत्तर देणारा उत्तरपक्ष नावाची एक गोष्ट असते.’

ते हसून निघून गेले. माणूस बरोबर बोलत होता, हे मला तेव्हाही कळत होते. पण ‘येथे येत नाही’ हे वाक्य मी आयुष्यात फार वेळा ऐकले आहे. चढाच्या जमिनीवर हापूस येत नाही, हे माझ्या वडिलांना सांगितले गेले होते. संस्कृत शिकून पोट भरत नाही, हे मला सांगितले गेले होते. असे वाक्य कानावर पडले की माझ्यातला सारा विनय कोठे जातो ते कळत नाही.

थंडीच हवी ना, म्हणून मी थंडी विकत आणली. कर्जत स्टेशनाजवळ मासळी ठेवणाऱ्यांकडून बर्फाच्या लाद्या टेंपोत घालून आणल्या आणि झाडांच्या आळ्यांत रचल्या. विकणाऱ्याने माझ्या शेंडीकडे आणि लाद्यांकडे आळीपाळीने पाहिले, पण विचारले काही नाही. चार दिवस हा प्रकार चालला. पाचव्या दिवशी प्रत्येक आळ्यात एकेक मांजर बसलेले आढळले. आमच्या सौभाग्यवती शांतपणे म्हणाल्या, ‘अहो, झाडांना हिवाळा लागला की नाही ते ठाऊक नाही, पण अंगणाला बोंबिलांचा वास मात्र लागला.’ थंडी फांदीवरच्या डोळ्यांना लागते, मुळांना नव्हे, हे मला मागाहून कळले.

माझी झाडे चौदा वर्षांची आणि बाळारामची नऊ वर्षांची झाली, त्या दिवाळीत पाडव्याच्या दिवशी बाळाराम माझ्या ओटीवर येऊन बसला. त्याच्या वरकसाच्या दोन्ही बाजूंच्या जमिनी विकल्या जाऊन तेथे फार्महाऊसचे प्लॉट पडले होते. त्याचा मुलगा विलास अशा प्लॉटांचेच काम करीत असे आणि बापाची जमीन विकण्याचा कागद तयार करून बसला होता.

‘पोरगा म्हनतो, आबा, झाडं वांझ हायेत, जमीन तरी कामाला येऊ दे,’ बाळाराम म्हणाला. ‘मी त्याला बोल्लो, गुरुजी पानी सोडून बोलल्यात. फळ येल, मंग बघू. दोन वर्सं ह्येच सांगतोय, गुरुजी. आता त्यो हसत बी नाय. गप बसतो.’

मी फराळाचे ताट त्याच्यापुढे सरकविले. ते बाजूला ठेवून तो म्हणाला,

‘येक वरीस देतो. फुडल्या पाडव्यापत्तुर येक फळ दिसलं, तर मी जित्ता असंपत्तुर सही करनार नाय. नाय दिसलं तर करतो. तुमाला सांगून करावी म्हून आलो.’

तो रागावला असता तर बरे झाले असते. मला सांगून करावी म्हणून तो चार कोस आला होता.

महिन्याभराने, मार्गशीर्षात, एका यजमानांकडील सप्ताहासाठी मी आठ दिवस बाहेर होतो. मागे रोपवाटिका हिरीबाईवर सोपविली होती. हिरीबाई ही डोंगराच्या कुशीतल्या ठाकरवाडीतली. तीस वर्षे ती माझ्याकडे काम करीत होती, आणि डोळा भरण्यात तिचा हात माझ्यापेक्षा हलका, हे मी अनेकांसमोर कबूल केले आहे. वाडीजवळ तिचा भाताचा लहानसा तुकडा आहे. भाताचे रोप टाकण्यापूर्वी आमच्या भागात जमिनीवर पालापाचोळा आणि शेण पसरून ते जाळतात, म्हणजे तण मरते, माती भाजते आणि रोप जोमाने उठते. याला राब म्हणतात. राबासाठी लागणारा टहाळ, म्हणजे पाल्यासकट कोवळ्या फांद्या, हिवाळ्यातच तोडून वाळवावा लागतो. हिरीबाई ज्या वरकसातल्या ऐनाच्या झाडांचा टहाळ वर्षानुवर्षे आणी, ते त्या वर्षी विकले गेले होते. तेथे तारेचे कुंपण पडले होते.

सप्ताहाहून परतलो तो वरच्या अंगाला उजेड जास्त दिसला. जवळ जाऊन पाहतो तर अकराही झाडे उघडी. शेंडे कोयत्याने उतरविलेले, बाकीची पाने हाताने ओरबाडलेली. एकही पान शिल्लक नव्हते. खाली भारे बांधून ठेवले होते आणि शेवटच्या भाऱ्यावर हिरीबाई पान खात बसली होती.

‘फूल नाय, फळ नाय,’ ती म्हणाली. ‘चौदा वर्सं नुसता पाला धरत्यात. म्हटलं, राबाला तरी व्हईल. झाड कामाला आल्यालं बरं.’

मला क्रोध आला की मी बोलणे थांबवितो. गुरूंची तशी आज्ञा होती. तीन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. चौथ्या दिवशी ती कुंड्यांना पाणी घालता घालता थांबली.

‘गुरुजी, शिव्या द्या, पन बोला. तीस वर्सांत तुमी कदी येवढं गप नाय बसलाव. माजी तर जीभ सुजली गप राहून.’

‘हिरीबाई, झाडाला विचारले होतेस का?’

‘न्हाय. तुमी चौदा वर्सं इचारताय. त्ये काय बोल्लं?’

 सायंकाळी अकरा ठिकाणी अक्षता ठेवून मी तिच्या वतीने क्षमा मागितली. आपली कशासाठी मागायची ते मला अजून कळायचे होते.

पौषात, एका सकाळी पूजेची फुले काढीत असता, त्या उघड्या फांद्यांवर पांढरे पुंजके दिसले. आधीच घायाळ झालेली झाडे, त्यात आता पिठ्या ढेकूण पडला, असे वाटून माझे मन खचले. ही कापसासारखी पांढरी कीड आंब्याच्या रोपांवर मी पुष्कळ पाहिली होती. मी निंबोळीचे तेल पाण्यात कालवून पंप पाठीवर घेतला. नळी वर धरणार, तोच मागून हिरीबाईने ती धरली.

‘काय करताय?’

‘पिठ्या पडला आहे.’

तिने फांदी खाली वाकवून माझ्या नाकापाशी आणली. ‘चष्मा लावा, गुरुजी. फूल हाय त्ये.’

पाच पाकळ्यांचे, पांढरे, मधोमध गुलाबी तुरे असलेले फूल. ज्याच्यावर मी चौदा वर्षे व्याख्याने दिली त्याचे फूल मी कधी पाहिलेच नव्हते. मठात मी फळांच्या दिवसांत गेलो होतो. मी पंप उतरवून खाली बसलो. हिरीबाई बराच वेळ हसत होती आणि ते योग्यच होते.

मग सर्व ध्यानात आले. झाड झोपल्यावाचून फुलत नाही, आणि पाने असेपर्यंत आमच्या हवेत ते झोपत नाही. उत्तरेची थंडी जे काम करते ते हिरीबाईच्या दोन हातांनी केले होते. तिने झाडांना हिवाळा दिला होता. चौदा वर्षांत ही गोष्ट मला सुचली नाही याचे कारणही उघड होते. ज्या पानाला विचारल्यावाचून हात लावायचा नाही, ते सर्वच्या सर्व ओरबाडून काढावे असा विचार माझ्या मनाच्या दारातही येणे शक्य नव्हते. माझा आदर त्या झाडाच्या आणि त्याच्या फुलाच्या मध्ये उभा होता. आणि त्या आदराची किंमत बाळाराम नऊ वर्षे मोजत होता.

त्याच दिवशी हिरीबाई, तिच्या वाडीतल्या चार बाया आणि मी बाळारामच्या वरकसावर गेलो. फुलांची एक फांदी मोडून मी बरोबर नेली होती. ती पाहूनही बाळारामचा विश्वास बसेना.

‘पाला समदाच काढायचा? येक बी पान ठेवायचं नाय? झाड मरल की, गुरुजी.’

‘कदाचित मरेल,’ मी म्हणालो. ‘या वेळी पाणी सोडून बोलत नाही.’

तो जवळच्या झाडापाशी गेला. मग स्वतःच पहिल्या फांदीला हात घातला. आदल्या सायंकाळी क्षमा मागण्यास सवड नव्हती. मी जागच्या जागी अक्षता टाकल्या, क्षमा मागितली आणि पाने ओढू लागलो. हाताला त्यांचा हिरवा वास दोन दिवस होता. चाळीस झाडे सूर्यास्तापूर्वी उघडी झाली. वाटेवरून विलास मोटारसायकलीने आला आणि थांबून पाहत राहिला.

‘आबा, शेवटी तोडलीत ना?’

‘तोडली नाय रं. झोपवली.’

विलासने माझ्याकडे पाहिले. त्याच्या मते आम्ही दोघेही आता घराबाहेर एकटे पाठविण्यासारखे राहिलो नव्हतो.

माघ संपता संपता बाळारामच्या चाळीसांपैकी निम्म्या झाडांना फुले आली. चैत्राच्या उन्हात बहुतेक फुले आणि पुष्कळशी फळे गळाली. वैशाखात वटवाघळांनी आपला वाटा घेतला. मी आठवड्यातून दोनदा जात असे आणि दर खेपेस झाडावर कमी आणि खाली अधिक दिसे. आषाढ लागला तेव्हा नऊ झाडांवर थोडी थोडी फळे उरली होती.

ज्या दिवशी पहिले फळ उतरवायचे ठरले त्या दिवशी बारीक पाऊस होता. विलासही आला होता. त्याच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत तो कागद होता. बाळारामने फळ कोयत्याने कापले, एक फोड खाल्ली, आणि फार वेळ चावत राहिला. आम्ही सर्व त्याच्या जबड्याकडे पाहत होतो.

‘गुरुजी, खोटं नाय बोलनार,’ तो म्हणाला. ‘पानी गोड हाय. पन दाताला रेती लागती.’

विलासनेही एक फोड तोंडात टाकली आणि हसला. ‘आबा, हे बाजारात कोण घेनार? लाकूड हाय निस्तं.’

‘बाजाराचं कोन बोल्लं? मी फळाचं बोल्लो व्हतो. फळ हाय का नाय?’

विलास चावत राहिला.

‘बोल की रं. तुज्या तोंडात हाय.’

‘हाय,’ विलास म्हणाला.

‘मंग त्यो कागद पिशवीतच ठेव. भिजल.’

विलासने पिशवीचे तोंड दुमडले. त्यानंतर त्या कागदाचा विषय माझ्यासमोर निघालेला नाही. बाळारामच्या वरकसाच्या तिन्ही बाजूंना आज पोहण्याचे तलाव आणि निळी छपरे आहेत आणि मध्ये चाळीस नासपती आहेत. दर वर्षी मार्गशीर्षात आम्ही त्यांना उघडे करतो. फळे आता थोडी वाढली आहेत. रेतीही थोडी कमी झाली आहे, किंवा आमचे दात कमी झाले आहेत. ते अधिकारी येऊन पाहून गेले. त्यांनी प्रामाणिकपणे टिपून घेतले आणि म्हणाले, ‘पण व्यापारी दृष्टीने हे पीक येथे येत नाही, गुरुजी.’ पूर्वी ते ‘येत नाही’ एवढेच म्हणत असत. आता त्यांना त्याआधी ‘व्यापारी दृष्टीने’ हे दोन शब्द जोडावे लागतात. माझ्या उत्तरपक्षाची इतकी प्रगती झाली आहे.

एक खंत सांगितली पाहिजे. बाळाराम आणि ते मुंबईचे गृहस्थ यांच्याशिवाय आणखी तिघांनी माझ्याकडून नासपती नेल्या होत्या. फुले आल्यावर मी त्यांच्याकडे धावलो. तिघांनीही त्या केव्हाच तोडल्या होत्या. एकाच्या ठिकाणी मोटार ठेवण्याची पत्र्याची शेड होती. त्याने मला आदराने चहा दिला. माझ्या शब्दावर थांबणे त्यांना परवडले नाही, यात त्यांचा दोष नाही. म्हणून पाटीवर दुसरी ओळ आली.

तिसरी ओळ हिरीबाईची. माझ्या झाडांचे पहिले फळ मी देवापुढे ठेवले आणि त्याचा प्रसाद प्रथम तिच्या हातावर दिला. ती चावून म्हणाली, ‘कवठाचा भाऊ दिसतोय.’ मग फाटकाकडे बोट दाखवून विचारले, ‘त्या पाटीवर काय लिवलंय?’

मी दोन्ही ओळी वाचून दाखविल्या.

‘आनि पाल्याचं?’

‘पाल्याचे काय?’

‘उद्या तुमची फळं मोठी झाली, मंग कुनी बी म्हनल, पाला बी इकू. माजं ऐन गेलं तसं ह्ये बी जाईल. पाला माजा, असं लिवा.’

मी रंगाचा डबा आणून ‘पाला राखीव आहे’ असे लिहिले आणि वाचून दाखविले.

‘राखीव म्हंजी?’

‘म्हणजे तुझा.’

‘मंग तसंच लिवा की. सरकारी बोर्डावानी कशाला?’

तिचे म्हणणे बरोबर होते. पण रंग वाळला होता, आणि जन्माची सवय अशी की सोपा शब्द मला दुसऱ्याने सांगितल्यावरच सुचतो. या दिवाळीत पाटी पुन्हा रंगवायची आहे. तेव्हा पहिल्या दोन ओळी तशाच ठेवून तिसरी तिच्या म्हणण्याप्रमाणे लिहिणार आहे.

नासपती येथे येत नाही, असे अजूनही ज्यांना वाटते त्यांनी येत्या मार्गशीर्षात अवश्य यावे. आदल्या सायंकाळी आलात तर अक्षता ठेवताना दिसेन. मी झाडांना विचारणे सोडलेले नाही. फक्त उत्तरासाठी आता चौदा वर्षे थांबत नाही. सकाळी आलात तर आमच्याबरोबर पाने ओढू लागा, भारे बांधू लागा. श्रावणात परत आलात तर एक फळ मिळेल आणि रेती लागली तर थुंकण्यास अंगण मोठे आहे. पाला मात्र मागू नये. तो हिरीबाईचा आहे.